भूमध्य समुद्र की नॉर्वे?

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त. युरोपची क्रूझ करायची आहे, पण हिचे गुडघे दुखतात. भूमध्य समुद्र निवडावा की नॉर्वे?

उत्तर : वहिनींचे गुडघे पाहता मी निःसंकोच नॉर्वे सुचवेन. भूमध्य समुद्रातल्या सफरींत बघण्यासारखं बरंचसं बंदरापासून लांब असतं. जाहिरातीत ‘रोम’ छापलेलं असतं, जहाज मात्र लागतं चिव्हिटाव्हेकियाला; तिथून रोम सुमारे ७० किलोमीटर. फ्लॉरेन्ससाठी लिव्होर्नोला उतरायचं. म्हणजे आधी बसप्रवास, मग उन्हात दगडी रस्त्यांवरची पायपीट आणि संध्याकाळी जहाज गाठायची धावपळ.

नॉर्वेत जहाजच फ्योर्डमध्ये शिरतं. गाइरांगरचा चिंचोळा फ्योर्ड साधारण १५ किलोमीटरचा. दोन्हीकडे उभे कडे, आणि ‘सात बहिणी’ हा धबधबा डेकवरच्या खुर्चीत बसून दिसतो. जूनमध्ये जा. बर्फ वितळत असल्यानं धबधबे भरात असतात, उजेडही रात्री उशिरापर्यंत राहतो. स्वेटर, रेनकोट हवाच.

जहाज साउदॅम्प्टनहून सुटणार असेल तर शेंगेनखेरीज ब्रिटनचाही व्हिसा लागेल. त्यापेक्षा कोपनहेगन किंवा कीलहून सुटणारं बघा. आणि कोणत्या बंदरात छोट्या बोटीतून किनाऱ्यावर जावं लागतं, हे बुकिंगआधीच विचारा. हलत्या बोटीत पाय टाकणं वहिनींना जड जाईल.