महोगनी की शिसव?

प्रश्न : ड्रेडनॉट गिटार घ्यायची आहे. मार्टिनच्या डी-१८ आणि डी-२८ यांच्या आवाजात लाकडामुळे खरंच फरक पडतो का?

उत्तर : पडतो, पण दुकानदार सांगतात तेवढा नाही. दोन्हींची वरची फळी स्प्रूसची, आणि आवाजातला मोठा वाटा तिचाच. तारांचं कंपन ब्रिजमधून आधी तिच्यात उतरतं. फरक पाठीचा आणि बाजूंचा. डी-१८ची महोगनी सूर सुटे, कोरडे ठेवते. गाण्याच्या साथीला मला तीच आवडते. डी-२८ची शिसव (१९६९च्या सुमारास ब्राझीलची जाऊन भारतीय आली, आपल्या सह्याद्रीत वाढते तीच जात) खर्ज भरदार करते, सूर रेंगाळतो. स्वस्त गिटार घेणार असाल तर पाठीच्या लाकडाला भुलू नका. साउंडहोलची कड निरखा: वरच्या रेषा कडेवरून सरळ आत उतरल्या तर फळी सॉलिड, थर दिसले तर प्लाय.