आजचं चिंतन : गीता ५.१८

ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने बाहेर ठेवलेला माणूस, ज्ञानी या सगळ्यांकडे समदृष्टीने पाहतो, असं आजचा श्लोक सांगतो. पण सगळे ज्ञानी होईपर्यंत वर्गाबाहेर बसवलेल्या पोराने वाट बघायची का?

कोल्हापुरात शाहू महाराज थांबले नाहीत. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड! १९१९ मध्ये तर अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाच बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत घेतली. आमच्या भाषेत, डीफॉल्टच बदलला. वेगळी शाळा कितीही चांगली असली, तरी 'तू वेगळा' हा धडा रोज देतेच.

तुमच्या सोसायटीत भाडेकरूला आधी आडनाव विचारतात का? पुढच्या मीटिंगमध्ये विषय काढा.