टँजिअरला जाण्याआधी

चि. ईशानीस,


तुझं मोरोक्कोला जायचं नक्की झाल्याचं ताईकडून कळलं. फार आनंद झाला. टँजिअरला उतरल्यावर तुला कमानी, गालिचे, निळी दारं, सगळंच चितारावंसं वाटेल. ते सगळं पोस्टकार्डांवर आधीच आहे. परमुलखात विषय गोळा करायला जाऊ नकोस. डोळ्यांना लागलेली सवय मोडायला जा.

फ्रेंच चित्रकार देलाक्रवा १८३२ च्या जानेवारीत याच बंदरात उतरला, तेव्हा पॅरिसमध्ये त्याचं चांगलं नाव झालं होतं. फ्रान्सचं शिष्टमंडळ सुलतानाच्या भेटीला मेक्नेसला निघालं होतं, त्याच्यासोबत तो होता. वाटेत मोठी चित्रं करणं शक्यच नव्हतं. त्याने छोट्या वह्या भरल्या: चार रेषा, जलरंगाचा हलका हात आणि शेजारी शब्दांत रंगांच्या नोंदी. त्या उन्हात त्याच्या लक्षात आलं की सावली नुसती काळी नसते, तिलाही रंग असतो. पॅरिसच्या स्टुडिओत हे इतक्या लख्खपणे दिसलं नसतं.

तूही तसंच कर. फोन पिशवीत राहू दे. फोटो काढला की बघणं संपलं असं मनाला वाटतं. रंग मात्र तुझ्या शब्दांत लिही. पारवा, विटकरी, शेवाळी, मोरपंखी असे शब्द तुझ्या जिभेवर आहेत; ट्यूबवरचं नाव लिहिलंस तर ट्यूबमधलाच रंग आठवेल.

आणि परत आल्याबरोबर प्रदर्शनाची घाई नको, हे मी कळकळीने सांगते. त्याच प्रवासातून आलेलं ‘अल्जिअर्सच्या स्त्रिया’ हे चित्र देलाक्रवाने १८३४ मध्ये दाखवलं. सुलतानाचं भव्य चित्र तर १८४५ चं, म्हणजे भेटीनंतर तेरा वर्षांनी. बारीकसारीक तपशील विसरल्यावरच त्या प्रवासातून काही बरं हाती लागलं, असं त्याने पुढे रोजनिशीत नोंदवलंय. चित्रकार पॉल क्लेचं वेगळं. १९१४ च्या एप्रिलमध्ये तो जेमतेम दोन आठवडे ट्युनिशियात होता, आणि तोवर बहुतांशी काळ्या-पांढऱ्यात रमलेला हा माणूस तिथेच रंगाचा झाला. तुझं कुठल्या वेगाने होईल ते तुलाही आधी कळणार नाही.

एक गोष्ट मात्र देलाक्रवाकडून घेऊ नकोस. फ्रान्सने १८३० मध्ये अल्जिअर्स जिंकलं होतं, म्हणूनच तिथल्या एका घरातल्या अंतःपुराचा दरवाजा त्याच्यासाठी उघडला. चित्र थोर आहे, पण त्या बायकांना कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. तू विचार. ज्याचं चित्र काढतेस त्याच्याजवळ बस, काढलेलं दाखव, ‘नको’ म्हणाला तर वही मिट. रस्त्यावरच्या माणसांपेक्षा भिंती, फळं, घडे, छतांवरचं ऊन यांच्यावर सुरुवातीला हात बसव.

परतताना पॅरिसला थांबणार आहेस ना? मग लूव्रमध्ये ‘अल्जिअर्सच्या स्त्रिया’ बघ, पण जाताना नाही, येताना. स्वतःची वही उघडी ठेवून उजवीकडच्या, पाठमोऱ्या दासीपासून सुरुवात कर आणि सावल्यांमध्ये कुठले कुठले रंग घातलेत ते शोध. तुझ्या नोंदींशी कुठे जुळतात, कुठे नाहीत, ते मला सविस्तर लिहून कळव.

तुझी,
मावशी