डब्यावर नाव गाडीचं, आत ऑइल कुणाचं?

सर्व्हिसिंगच्या बिलात इंजिन ऑइलची ओळ बहुतेक वेळा सगळ्यात जड असते आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी विचारलं जातं. ‘कंपनीचं ऑइल टाकलंय, साहेब,’ म्हटलं की विषय संपला. आता कंपनीचं म्हणजे कुठल्या कंपनीचं? उत्तर डब्याच्या मागे बारीक अक्षरांत असतं. आवेष्टित वस्तूंबाबतच्या २०११च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो; भरून देणारा वेगळा असेल तर त्याचाही.

गाडी बनवणारे सहसा स्वतः ऑइल बनवत नाहीत. एखाद्या तेलकंपनीकडून आपल्याला हवं तसं करून घेतात आणि डब्यावर आपलं नाव लावतात. अमेरिकेत फोर्डचं मोटरक्राफ्ट ऑइल फिलिप्स ६६ करून देते, टोयोटाचं एक्झॉनमोबिल. बीएमडब्ल्यूने २०१५ मध्ये कॅस्ट्रॉल सोडून शेलचा हात धरला. गाड्या त्याच, ऑइलला लावलेल्या अटी त्याच, करून देणारा मात्र दुसरा. आपल्याकडेही यंदाच्या आणि पुढच्या वर्षीच्या डब्यामागचं नाव वेगळं निघालं तर दचकू नका. पत्ता बहुधा ओळखीचा असेल: कॅस्ट्रॉलचा कारखाना पाताळगंगेला, शेलचा तळोजाला, व्हॅल्व्होलिन कमिन्सचा अंबरनाथला. एक्झॉनमोबिलनेही २०२३ मध्ये रायगडमधल्या इसांबे औद्योगिक क्षेत्रात सुमारे ९०० कोटी रुपयांचा कारखाना जाहीर केला.

शिवाय डब्यात जे असतं त्यात मोठा वाटा बेस ऑइलचा. उरलेला, आणि खरा कसबाचा, भाग ॲडिटिव्हचा. ही ॲडिटिव्ह जगभर प्रामुख्याने चारच घरांतून येतात: ल्युब्रिझॉल, इन्फिनियम, ॲफ्टन आणि शेव्हरॉन ओरोनाइट. तेव्हा नावावरून भांडण्यात फारसा अर्थ नाही. भांडायचंच तर मानकावरून भांडा.

ते मानक गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. आधी ग्रेड, म्हणजे ऑइल किती पातळ-जाड ते, बघा. बीएस-६ नंतरच्या मारुतीच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांना ०डब्ल्यू-१६ सांगितलेलं आहे. हे इतकं पातळ असतं की जुन्या मेकॅनिकला ते बघूनच कसंतरी होतं. ‘आपल्या उन्हात हे टिकणार नाही, जरा जाड टाकू’ म्हणून तो २०डब्ल्यू-५०चा डबा काढतो. त्याला प्रेमाने नाही म्हणा. इंजिनातल्या फटी, ऑइल पंप, व्हॉल्व्हचं टायमिंग, सगळं त्या पातळपणाचा हिशेब धरून बसवलेलं असतं. मॅन्युअलमध्ये पर्यायी ग्रेड दिलेले असतील तर त्यांतला घ्यायला हरकत नाही.

मग दर्जा. पेट्रोलसाठी एपीआय एसपी हा मे २०२० पासूनचा दर्जा. टर्बो-पेट्रोल गाडी असेल तर याहून जुना दर्जा घेऊ नका, कारण थेट इंधन फवारणाऱ्या छोट्या टर्बो इंजिनांत कमी वेगात अवेळी ठिणगीविना पेट घेण्याचा जो धोका असतो, तो आटोक्यात ठेवण्याची चाचणी यात आहे. बीएस-६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर कमी राखेचं ऑइलच हवं, म्हणजे एसीईए सी२, सी३ अशा गटातलं, जे मॅन्युअल सांगेल ते. इथे दोन-तीनशे रुपये वाचवायला गेलात तर राखेने फिल्टर तुंबतो, आणि तो बदलण्याचा खर्च हजारांत नाही, लाखाच्या घरात जाऊ शकतो. युरोपीय गाड्यांना याशिवाय त्या-त्या कंपनीचा मंजुरी क्रमांक लागतो. ‘शिफारस’ आणि ‘मंजुरी’ यांत फरक आहे. डब्यावर मंजुरी हवी.

आता पैसे. १.२ लिटरच्या पेट्रोल गाडीत साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल बसतं. कंपनीच्या डब्याचं सिन्थेटिक लिटरला अंदाजे पाचशे-सहाशे रुपयांना पडतं, बाजारातलं नामांकित सिन्थेटिक सातशे ते हजारपर्यंत. कंपनीचं म्हणजे महागच, हा समज म्हणूनच तपासून घ्यावा. छोट्या गाड्यांत ते बऱ्याचदा स्वस्त पडतं. ऑइल फिल्टरचे शंभर ते तीनशे, चेंबरच्या नटाचा वॉशर किरकोळ, बाहेरच्या गॅरेजची मजुरी तीन-पाचशे. एकूण साधारण दोन ते सव्वाचार हजार. पाच-सहा लिटर पिणाऱ्या डिझेल एसयूव्हीला चार ते सहा हजार धरा. शहर आणि ब्रँडप्रमाणे थोडं इकडे-तिकडे होईल.

सर्व्हिस सेंटरमध्ये ऑइल बॅरलमधून नळीने भरत असतील तर बिलात ३.१ लिटर असा दशांशातला आकडा यायला हवा. डबा फोडला असेल तर उरलेलं ऑइल तुमचं, मागून घ्या. आणि ‘इंजिन फ्लश’, ‘ऑइल ट्रीटमेंट’, ‘कोटिंग’ या पाचशे-हजारांच्या ओळी मॅन्युअलमध्ये नसतील तर सरळ खोडायला सांगा. माझ्या मते बिल फुगतं ते इथे.

बाहेरून डबा घेताना झाकणाखालचं फॉइलचं सील बघा. सील नीट चिकटलेलं नसेल, बॅच नंबर खरवडलेला असेल, किंमत फारच गोड असेल तर दुकान बदला. रिकामा डबा गॅरेजमध्ये ठेवू नका. जागेवर भोक पाडून द्या, नाहीतर तोच पुन्हा भरून कुणाच्या तरी गाडीत जातो.

बाइकमध्ये कारचं ऑइल टाकू नका. बहुतेक बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलने तो घसरू लागतो. बाइकला जासो एमए किंवा एमए२ दर्जाचं, गिअर नसलेल्या स्कूटरला एमबी दर्जाचं घ्या.

राहिली वॉरंटी. बाहेर काम केलं की वॉरंटी सरसकट रद्द, अशी अट घालू नका, असं भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात म्हटलं होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. व्यवहारात वाद पुराव्यावर ठरतो. त्यामुळे वॉरंटी बुकातल्या अटी वाचून घ्या आणि बाहेर ऑइल बदललं तर बिलावर नुसतं ‘इंजिन ऑइल’ लिहून घेऊ नका; ब्रँड, ग्रेड, एपीआय किंवा एसीईए दर्जा, लिटर आणि किलोमीटरचा आकडा लिहून घ्या. डब्याच्या मागच्या बाजूचा एक फोटोही त्या बिलासोबत ठेवा.