अटीतटीचा सामना व वर्गातील कुजबुज

ब्रिटनच्या दूरचित्रवाणीवर १९६२ साली सुरू झालेल्या ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या प्रश्नस्पर्धेत चौघाचौघांचे दोन संघ झुंजतात. आरंभीचा प्रश्न १० गुणांचा. त्याचे उत्तर एकट्याने द्यावयाचे. ते बरोबर आल्यास ५-५ गुणांचे तीन प्रश्न मिळतात, व तेथे चौघांनी विचारविनिमय करावयाचा. प्रश्न पुरा होण्यापूर्वीच चुकीचे उत्तर दिल्यास ५ गुण जातात. गुण समसमान झाले की एकाच प्रश्नावर निकाल. तेथे घाई फार महाग पडते.

वर्गात हा खेळ घेताना गुरुजींचे लक्ष चटकन हात वर करणाऱ्या दोन-तीन मुलांवरच खिळते. खरा अभ्यास होतो तो चौघांच्या कुजबुजीत. मागे बसणारी अबोल मुलगी प्रथम तेथेच बोलते. गटनायकाने तिचे उत्तर डावलले व तेच बरोबर निघाले, तर ते कसे सुचले हे तिलाच वर्गापुढे सांगू द्यावे.