काळ्या रानात घर बांधताना



हंगाम आटोपत आला आणि उसाचा हप्ता खात्यावर जमा झाला, की आपल्या भागात दोन कामे हमखास निघतात. एक लग्न आणि दुसरे घर. लग्नाबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. घराबद्दल मात्र माणूस गवंड्याला विचारतो, पाहुण्याला विचारतो आणि शेवटी शेजाऱ्याने बांधले तसेच बांधतो. मी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर म्हणून उभी नोकरी केली, आता निवृत्त आहे. तेव्हा चार शब्द सांगायचा अधिकार आहे, असे म्हणता आले असते. पण खरे कारण निराळे आहे. माझे स्वतःचे मळ्यातले घर तिसऱ्याच पावसाळ्यात तडकले.

झाले असे. पाडव्याला नारळ फोडला आणि लगेच पाया खणायला घेतला. काळे रान उन्हाने इतके टणक झालेले, की टिकाव उडत होता. तीन फुटांवर गवंडी म्हणाला, "सायेब, दगडागत जमीन लागली. आणखी कशाला खणताय? उगं पैसा मातीत." दुसऱ्याच्या कामावर मी त्याला चार शब्द सुनावले असते. पण घर माझे, पैसे माझे, आणि व्हरांड्याला चांगली फरशी घ्यायची मनात होते. गप्प बसलो. वाचलेले पैसे फरशीला गेले. तिसऱ्या वर्षी श्रावणात एके सकाळी आई म्हणाली, "रात्री भिंत बोलली रे." जाऊन बघतो तो तिच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत तिरपी भेग. करंगळी जाईल एवढी.

आता यात चुकले काय, ते नीट समजून घ्या. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानाला भेगा पडतात, त्यात काठी घातली तर हातभर आत जाते, हे आपण लहानपणापासून बघतो. पण ती माती घराखाली गेली की विसरतो. आपल्याला वाटते, घर जड आहे, माती दबेल. पावसाळ्यात घडते उलटे. माती घराला वर उचलते, आणि बिनमजली हलके घर असेल तर जास्तच उचलते. सगळे घर सारखे वर गेले आणि सारखे खाली आले, तर फारसे बिघडणार नाही. ते तसे होत नाही. माझ्या घराच्या पूर्वेला भिंतीला लागून ऊस, त्याला बारमाही पाटाचे पाणी. पश्चिमेला कोरडे अंगण. म्हणजे एक बाजू कायम फुगलेली, दुसरी दर उन्हाळ्यात आकसणारी. मधल्या मध्ये भिंत तुटणार नाही तर काय?

आणि आपण पाया खणतो तो नेमका चैत्र-वैशाखात, जमीन सर्वांत कोरडी आणि आकसलेली असते तेव्हा. तेव्हाचा टणकपणा हा जमिनीचा नव्हे, उन्हाचा असतो. त्याला भुलू नका.

म्हणून नकाशा काढण्याआधी जागेच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत माणूस उतरेल एवढे खड्डे घ्या. मुरूम किती फुटांवर लागतो ते डोळ्याने पाहा. शेजारी विहीर असेल तर तिच्या कडेला मातीचे थर उघडे दिसतात, तेही बघून ठेवा. मुरूम चार-पाच फुटांवर असेल तर नशीबवान आहात. सगळी काळी माती काढा आणि पाया मुरमावर बसवा. मग बांधकाम भिंतींवर असो वा कॉलमवर. दहा-बारा फूट काळीच लागली, तर तीन फुटांवर थांबू नका आणि अंदाजाने आठ फूटही खणू नका. तिथे इंजिनिअर हवाच. अशा जमिनीसाठी रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खाली फुगा असलेल्या खांबांची पद्धत बसवून दिली आहे. गिरमिटाने साधारण साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फूट खोल भोक घेतात, तळाशी ते रुंद करतात आणि सळया घालून काँक्रीट भरतात. पाऊस-उन्हाचा फरक एवढ्या खोलवर फारसा पोहोचत नाही, त्यामुळे खालचा फुगा जागचा हलत नाही. वरून हे खांब बीमने जोडतात, आणि बीमखाली मोकळी फट ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी बीमला टेकत नाही. ऐकायला मोठे वाटते, पण लहान घरालाही ही पद्धत चालते.

दुसरी चूक जोत्याची. पाया खणून निघालेली काळी माती बाहेर टाकायला ट्रॉलीचे भाडे पडते. मग ती तशीच जोत्यात भरून वर फरशी बसवतात. माझ्या घरीही तेच केले. तव्यावरची पोळी फुगते तशी मधल्या खोलीची फरशी वर आली, दार उघडेना. जोत्यात मुरूमच भरा. सहा-सहा इंचांचा थर द्या, पाणी मारा, धुमसाने नीट ठोका, मग पुढचा थर. एकदम दोन फूट भरून वरून पाणी सोडले म्हणजे दबाई होत नाही.

घराभोवती चार फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला कोबा करा. पन्हाळीचे आणि मोरीचे पाणी पाइपाने लांब सोडा. मोरीच्या पाण्यावर भिंतीलगत केळी लावायची आपल्याकडे मोठी हौस. लावा, पण लांब. उसाचा सरीचा शेवटही भिंतीपासून निदान पंधरा फूट मागे घ्या. आणि मोठे झाड होईल तेवढ्या उंचीइतके घरापासून दूर असावे. उन्हाळ्यात त्याची मुळे मातीतले पाणी ओढून घेतात.

आता पाण्याविषयी. जिथे वर्षानुवर्षे उसाला भरमसाट पाणी दिले, तिथल्या बऱ्याच विहिरी मचूळ झाल्या आहेत. ते पाणी काँक्रीटला वापरले तर त्यातले क्षार सळईला गंज चढवतात. काही वर्षांनी स्लॅबच्या खालचे पोपडे पडू लागतात. भिंतीला लोणा लागतो तो वेगळाच. एका स्वच्छ बाटलीत पाणी भरून माती-पाणी परीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळेत द्या. सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत पाहिजे. जास्त आले तर पिण्याच्या पाण्याचा टँकर आणा.

इथे कारखान्यावरची एक गंमत सांगतो. एकदा एका चौथऱ्याचे काँक्रीट केले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोट लावले तर ओल्या पिठासारखे मऊ. सिमेंट खराब म्हणून पुरवठादाराला आम्ही शिव्या दिल्या. मग लक्षात आले, पाणी ज्या पिंपात भरले ते मळीचे होते आणि धुतलेले नव्हते! पोत्यामागे ५० ग्रॅमभर साखर गेली तरी सिमेंट घट्ट होणे लांबते. आणखी गेली तर घट्ट होतच नाही. जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ घालीत, ते चुन्याला चालते, सिमेंटला नाही. तेव्हा घरची काकवीची, मळीची पिंपे बांधकामावर नेऊ नका.

पाणी किती घालायचे यावर गवंड्याशी भांडण होते, ते जरूर करा. ५० किलोच्या एका पोत्याला २५ ते २७ लिटर पुरे. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पातळ माल घमेल्यातून पटकन ओततो, कामगाराचे हात वाचतात. पण जादाचे पाणी वाळून गेले की त्या जागी बारीक पोकळ्या राहतात. घट्ट माल व्हायब्रेटरने बसवा. स्लॅबला एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी हे प्रमाण फरम्याने मोजून घ्या, घमेल्याच्या अंदाजाने नको. हल्ली नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड येते. तिने काही बिघडत नाही, मात्र तिच्यात धूळ जास्त नसावी. पोत्यावर आठवडा आणि वर्ष छापलेले असते, ते वाचा. तीन महिने पडून राहिलेले सिमेंट घेऊ नका.

बाजारातले बहुतेक सिमेंट आता पीपीसी असते. ते सावकाश बळ धरते. म्हणून उन्हाळ्यात १४ दिवस पाणी मारायचे. स्लॅबवर आळी करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा. हे काम ठेकेदारावर सोडू नका, घरातल्याच कोणीतरी अंगावर घ्यावे. आमच्याकडे थोरल्या सुनेने पहाटे आणि रात्री पाणी मारले. तो स्लॅब आजही गळत नाही.

सळई वजनावर मिळते, तेव्हा वजन आपणच पडताळावे. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा आणि १६२ ने भागा, की एका मीटरचे किलो निघतात. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ८९० ग्रॅम. ४० फुटी पूर्ण सळई साडेदहा किलोच्या वर भरली पाहिजे. सळईखाली सिमेंटचे ठोकळे ठेवा. खडीचा तुकडा सरकवून भागत नाही.

कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा. किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे माळवदाचे ओझे अंगावर येऊन हजारो माणसे गेली. आपल्याही भागात अशी घरे आहेत. नव्या घराला जोत्यावर आणि दार-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींवरून न तुटता जाणारा काँक्रीटचा पट्टा घ्याच. आणि जुन्या दगड-मातीच्या भिंतींवर नवा मजला चढवू नका. थोरल्याला वरचा मजला देऊ, असे पुष्कळजण ठरवून बसलेले असतात, म्हणून सांगितले.

घर आधीच तडकले असेल तर लगेच सिमेंट भरून रंग देऊ नका. भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोके प्लास्टरने चिकटवा आणि तारीख लिहा. काच फुटली तर भेग अजून चालते आहे. मी तसेच केले. ऊस मागे घेतला, कोबा केला, फरशी उचलून काळी माती काढली आणि मुरूम भरला. पहिली काच चार महिन्यांत फुटली. दुसरी लावली. तोवर आई व्हरांड्यातच झोपायची, त्याच महागाच्या फरशीवर. दुसरी काच दोन पावसाळे आणि मधला उन्हाळा शाबूत राहिली, तेव्हा भेग भरली आणि आईचा पलंग परत तिच्या खोलीत लावला.