चादरीवरचा पत्ता आधी वाचा

सोलापुरात येऊन चादर न घेता परत जाणारा पाहुणा विरळाच. तुळजापूर इथून साधारण ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४०, पंढरपूर ७०च्या थोडं पुढे. देवदर्शनाची सहल कशीही आखली तरी सोलापूर मध्ये येतंच. सिद्धेश्वराचं दर्शन झालं, तळ्याकाठी फोटो काढून झाले, की गाडीत हमखास विचारणा होते, "चादरी कुठं चांगल्या मिळतात?" या प्रश्नाचं उत्तर कोण देतंय, यावर पुढची सगळी खरेदी ठरते.

मी इथलीच. माहेर पूर्व भागातलं. वडील जेकार्डच्या मागावर होते. आई घरी विड्या वळायची आणि त्यातून वेळ मिळाला की कांड्या भरून द्यायची. मागाची खडखड थांबली तर मध्यरात्री जाग यायची, एवढी आम्हाला तिची सवय. त्यामुळे चादरीच्या नावावर कुणी फसलं की मला ते घरातलंच दुखणं वाटतं.

माझ्या नणंदबाई डोंबिवलीहून सोसायटीतल्या बायकांना घेऊन आल्या होत्या. टेंपो ट्रॅव्हलर ठरवलेली, सोबत सहल कंपनीचा एक तरुण गाइड. सोलापुरात मी त्यांच्या गाडीत बसले, कारण दर्शनानंतर सगळ्यांना घरी जेवायला न्यायचं होतं. मंदिरातून निघाल्यावर गाइड म्हणाला, "आता आपण डायरेक्ट कारखान्यात जाणार आहोत. बाजारात दुप्पट भाव लावतात." बायका खूश झाल्या. गाडी मात्र ना पूर्व भागाकडे वळली, ना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे. ती थेट हायवेला लागली आणि एका मोठ्या दुकानापुढे थांबली.

दारातच एक जुना माग मांडून ठेवलेला. मी जवळ जाऊन पाहिलं. वर जेकार्डचा सांगाडा होता, पण त्यावर पत्ते नव्हते, बीमवर सूत नव्हतं, धोट्यावर धूळ बसलेली. ड्रायव्हर काउंटरवर गेला, गाडीचा नंबर सांगितला आणि मुनिमानं तो वहीत लिहून घेतला. आत चहा आला. सेल्समननं घड्या भराभर उलगडायला सुरुवात केली. "बाराशेची चादर, खास तुमच्यासाठी साडेसहाशेला. शुद्ध हातमाग, बाई. सहा घेतल्या तर एक टॉवेल फ्री." गाइड मागून म्हणत होता, "दहा मिनिटांत उरका, अक्कलकोटची आरती चुकेल."

चादर हातात घेतल्याबरोबर मला ती हलकी लागली. अंगावर बोटं फिरवली तर मऊ, पण निसरडी. उलट बाजू पाहिली, नक्षी पुसट. लेबलावर ठळक अक्षरांत 'सोलापुरी', खाली बारीक टायपात उत्पादकाचा पत्ता होता, आणि तो महाराष्ट्रातलाही नव्हता. मी हळूच म्हटलं, "वन्सं, लेबल वाचा." त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि हातातली घडी खाली ठेवली. पण तोवर तिघी-चौघींचे पैसे देऊन झाले होते. त्यांतल्या एकीनं मुलीच्या लग्नात आहेर करायला म्हणून बऱ्याच चादरी घेतल्या होत्या. परत करायच्या म्हटल्यावर दुकानदारानं भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' बिल मागितलं तर कच्ची चिठ्ठी मिळाली. तिच्यावर ना दुकानाचा जीएसटी नंबर, ना मालाचं वर्णन.

घरी आल्यावर त्या चादरीच्या दशीतून एक धागा ओढून काढला आणि गॅसवर धरला. तो जळाला नाही, वितळला. टोकाला काळी कडक गुंडी झाली.

खरी सोलापुरी चादर कशी असते हे ठाऊक असेल तर दुकान कुठलंही असो, तुम्हाला कुणी फसवू शकत नाही. ही चादर सुती. जाड, वजनदार, पहिल्या दिवशी जराशी खरखरीत आणि धुण्यागणिक मऊ होत जाणारी. विणताना दोन रंगांच्या सुतांचे दोन पदर एकमेकांत गुंफत जातात, म्हणून नक्षी दोन्ही बाजूंना उठते, फक्त रंग उलटे होतात. एका बाजूला लाल जमिनीवर पिवळा मोर असेल, तर दुसऱ्या बाजूला पिवळ्या जमिनीवर लाल मोर. नक्षीतला कुठला उभा धागा केव्हा वर उचलायचा हे जेकार्ड ठरवतं. फ्रान्समधल्या जकार यांनी १८०४च्या सुमारास हे यंत्र आणलं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ मागावर फिरते, भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. आमच्या घरी जुने झालेले पत्ते वहीला कव्हर घालायला वापरत. छापील चादरीत हे काहीच नसतं. तिची उलट बाजू फिकी असते. तेव्हा दुकानात पहिलं काम एकच, चादर उलटी करा.

दुसरं, 'हातमाग' म्हणून कुणी सांगू लागला तर सावध व्हा. सोलापुरी चादर आज प्रामुख्यानं यंत्रमागावर होते आणि त्यात कमीपणा काही नाही. खरा कारखानदार अभिमानानं यंत्रमागच सांगतो. ज्या वस्तूवर सरकारी 'हँडलूम मार्क'चं लेबल नाही, तिला हातमागाची म्हणून जास्त पैसे देऊ नका. तिसरं, पत्ता. बंद पाकिटातल्या मालावर उत्पादकाचं नाव-पत्ता, माप आणि कमाल किंमत छापणं वजनमाप कायद्यानं बंधनकारक आहे. 'विक्रेता सोलापूर' आणि 'उत्पादक सोलापूर' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून दोन्ही ओळी वाचा. काही कारखानदार आपलं नाव चादरीच्या काठातच विणतात. ते तर उत्तमच. हल्ली कुणी मिश्र धाग्याच्याही चादरी करतात. तसं लेबलवर स्पष्ट लिहिलं असेल आणि भाव त्या मानानं असेल, तर माझी तक्रार नाही. सुताचे पैसे घेऊन पॉलिएस्टर द्यायचं, यालाच माझा विरोध.

सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. मानांकन मिळवणारी महाराष्ट्रातली पहिली वस्तू हीच चादर. म्हणजे हे नाव या भूभागातल्या मालापुरतं राखलेलं आहे. दुसरीकडच्या मालावर ते चिकटवणं १९९९च्या कायद्यानं गुन्हा ठरतं. त्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. तरीही पानिपतकडून आलेला स्वस्त माल सोलापूरच्या नावानं विकला जातो, हे इथला प्रत्येक मागवाला जाणतो. स्वस्त ब्लँकेटपुढे चादरीची मागणी आधीच घटली आणि कितीतरी मागांवर आता चादरीऐवजी टॉवेल निघतात. या शहरात जुनी गिरणी १८७७ साली उभी राहिली. एकेक करून गिरण्या बंद पडल्या, तेव्हा गावाला सावरलं ते पूर्व भागातल्या मागांनी. तेलंगणातून पिढ्यान्‌पिढ्या येऊन वसलेल्या पद्मशाली घरांनी मराठीही आपली केली आणि मागही चालते ठेवले. नकली चादर विकली जाते तेव्हा त्यांच्या हातातली ऑर्डर जाते. म्हणून मला हा केवळ पाचसहाशे रुपयांचा प्रश्न वाटत नाही.

आता गाडीवाल्यांबद्दल. मला ड्रायव्हरवर राग काढायचा नाही. परतीच्या वाटेवर मी त्याला सरळ विचारलं, त्यानंही सरळ सांगितलं, "मावशी, पगारात भागत नाही. दुकानवाला शेकड्यावर देतो, त्यावर घर चालतं." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण तो शेकडा दुकानदार खिशातून देत नाही, तुमच्या चादरीच्या किमतीत घालूनच देतो. यावर माझा साधा उपाय आहे. गाडी ठरवतानाच सहल कंपनीला व्हॉट्सअॅपवर लिहून कळवा की, कार्यक्रमात नसलेल्या कुठल्याही दुकानावर गाडी थांबणार नाही. आणि ड्रायव्हरला शेवटी वर्गणी काढून बक्षिसी द्या, आणि ती देणार हे पहिल्याच दिवशी त्याला सांगा. मनमोकळेपणानं सांगितलं की बहुतेक ड्रायव्हर ऐकतात.

शेकड्याची ही पद्धत काही एकट्या सोलापूरची नाही. आग्र्यात संगमरवर, जयपुरात खडे, काश्मिरात शाली, सगळीकडे हेच. नणंदबाईंचा मुलगा न्यू जर्सीत असतो. तो सहकुटुंब कॅरिबियन बेटांच्या क्रूझला गेला होता. तिथं बोटीवरच 'शॉपिंग गाइड' असते. बेट यायच्या आदल्या दिवशी ती भाषण देते, नकाशा वाटते, त्यावर 'खात्रीची' दुकानं ठळक केलेली. ती दुकानं त्या यादीत येण्यासाठी पैसे मोजतात, हे त्याच नकाशावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. त्यानं ते वाचलं आणि बायकोला घेऊन धक्क्यापासून चार गल्ल्या आत, गावकरी जिथं खरेदी करतात तिथं गेला. चीनमध्ये तर सहलीचे दर फुकटासारखे लावायचे आणि दुकानांत नेऊन वसुली करायची, ही खोड इतकी वाढली की २०१३च्या ऑक्टोबरपासून लागू झालेल्या पर्यटन कायद्यात ठरलेल्या दुकानात जबरीनं नेण्यावर बंदी घालावी लागली. आपल्याकडे निदान आपण तोंड उघडू शकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना पूर्व भागात नेलं. कन्ना चौकाच्या पुढच्या एका गल्लीत, पुढे लहानसं दुकान, मागे माग. दुकानात शिरायच्या आधीच खडखड ऐकू आली. मालकांनी कुणाला चहा विचारला नाही की घाई केली नाही. डोंबिवलीच्या एका वहिनींनी जरा अडखळत विचारलं, "धागा जाळून बघितला तर चालेल का?" त्यांनी स्वतःच दशीतला धागा तोडला, काडी ओढली. धागा कागदासारखा पेटला आणि बोटांत चुरगाळल्यावर राखाडी भुकटी झाली. भाव हायवेच्या दुकानापेक्षा फार कमी नव्हता, हेही सांगते. सुताच्या चादरीला सुताचे पैसे पडतातच. पण चादर दुप्पट वजनाची, आणि बिल पक्कं.

शहरात राहूनच घ्यायची असेल तर नवी पेठ आणि चाटी गल्लीत पिढीजात दुकानं आहेत. वेळ असेल तर पूर्व भागच बघा, विणताना बघितलेली चादर घरी नेण्यात वेगळं समाधान आहे. रंगाची शंका असेल तर पांढरा रुमाल ओला करून गडद भागावर घासा. थोडा रंग सुती चादरीचा पहिल्या धुण्यात जातोच, पण रुमाल भडक रंगला तर दुसरी घ्या. पहिलं धुणं वेगळं, मीठ घातलेल्या गार पाण्यात.

शेंगाचटणीबद्दलही दोन शब्द, कारण तीही याच पिशवीत भरली जाते. चांगली चटणी उखळात कुटलेली असते आणि शेंगदाण्याचंच तेल सुटून ती ओलसर होते. पाकिटावर तयार केल्याची तारीख बघा, आणि वास घेतल्याशिवाय किलोभर बांधून घेऊ नका. खवट तेलाचा वास लपत नाही. सोबत कडक भाकरी घ्या, ती प्रवासात टिकते.

आता ज्या बायकांचे पैसे अडकले होते, त्यांचं काय झालं ते सांगते. 'विकलेला माल परत नाही' ही पाटी कायद्यापुढे टिकत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि सदोष माल ठरल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, फोन फुकट लागतो आणि मराठीतही बोलता येतं. आम्ही चादरीचा, लेबलाचा, कच्च्या चिठ्ठीचा आणि दुकानाच्या पाटीचा फोटो काढून ठेवला होता. एकीनं पैसे यूपीआयनं दिले होते, त्याची नोंद हाच तिचा पुरावा ठरला. तक्रार नोंदवल्यावर काही दिवसांनी दुकानातून फोन आला आणि तिच्या न उघडलेल्या चादरींचे पैसे परत मिळाले. रोख दिलेल्यांना मात्र काही दाखवता आलं नाही.

म्हणून रोख देऊ नका, निदान अनोळखी दुकानात तरी नाही. आणि जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला येत असाल तर तिथल्या स्टॉलवरही चादर आधी उलटी करा, लेबल वाचा. यात्रेत माल चारी दिशांनी येतो.